ताशी चार बोटं

ताई : थांब, थांब. ते औषध सलाइनमध्ये सोडलंस का?

डॉक्टर : अजून नाही. फार्मसीतून वर यायचंय. तू आधी बस बरं, ताई. केवढा घाम आलाय बघ. लिफ्ट बंद आहे हे तुला सांगायचं राहिलं.

ताई : बसते. पण ते वर आलं तरी मला विचारल्याशिवाय सोडायचं नाही.

डॉक्टर : तुला विचारून? ताई, या वॉर्डात औषध मी लिहितो.

ताई : माहितीये मला. घरात एक खरा डॉक्टर आहे आणि एक कागदी, असं आई सगळ्यांना सांगते. मी भांडायला नाही आले, बाळ्या.

डॉक्टर : मग आधी बाळ्या म्हणणं बंद कर. सिस्टरच्या कानावर गेलं तर उद्यापासून सगळा मजला तेच म्हणेल.

ताई : बरं, डॉक्टरसाहेब. काय झालंय ते एकदा नीट सांग. फोनवर तू नुसतं 'ये' म्हणालास.

डॉक्टर : काय सांगू? तीन महिन्यांपूर्वी आईची फुप्फुसं आवळत चालली होती. मी स्टिरॉइड सुरू केलं. तिला उतार पडला. जिना चढायला लागली, कुंड्या हलवायला लागली, मला ओरडायलाही लागली. गेल्या आठवड्यापासून पुन्हा धाप. दोन वाक्यं बोलली की थांबते. फोटोत दोन्ही फुप्फुसं पांढरी दिसतायत. आजार उसळलाय. स्टिरॉइडचा तिप्पट डोस तीन दिवस सलाइनमधून द्यायचा, हा त्यावरचा उपाय.

ताई : आणि पोट? पोट फुगलंय म्हणालास. उलट्या होतायत.

डॉक्टर : स्टिरॉइडनं बिघडतं पोट.

ताई : फुप्फुसाचा आजार असलेल्या बाईचं पोट एकाएकी फुगावं, याचं तुला काहीच वाटलं नाही?

डॉक्टर : तू कुठे चाललीयेस ते कळतंय मला. कृमी. पंधरा वर्षं तू कृमींची गणितं मांडतेस, तुला आकाशातल्या ढगातही कृमीच दिसणार. पण मी ते बघितलंय, ताई. शौचाचा नमुना तपासला, काही नाही.

ताई : किती वेळा तपासलास?

डॉक्टर : एकदा.

ताई : हा जो बारीक धाग्यासारखा कृमी असतो ना, तो एका नमुन्यात निम्म्या वेळा तरी सापडत नाही.

डॉक्टर : म्हणून तेवढ्यावर नाही थांबलो. रक्तातले इओसिनोफिल बघितले. कृमी असले की त्या पेशी वाढतात, बरोबर? स्टिरॉइड सुरू करायच्या आधी थोड्या वाढलेल्या होत्या. आता जवळपास शून्य. इओ खाली आले म्हणजे कृमी नाहीत. तुझंच आहे की ते.

ताई : माझं?

डॉक्टर : तुझा आलेख. वस्त्यांमधल्या लोकांना गोळ्या दिल्या, कृमी कमी झाले, मागोमाग इओ उतरले. दोन रेघा, हातात हात घालून खाली येतात. माझ्या केबिनमध्ये फ्रेम करून लावलाय तो. येणाऱ्या प्रत्येक पेशंटला सांगतो, माझ्या बहिणीचं काम आहे म्हणून.

ताई : तू फ्रेम केलास तो?

डॉक्टर : मग काय करणार? त्यात समजण्यासारखं तेवढंच होतं. बाकी सगळी समीकरणं.

ताई : बाळ्या, त्या आलेखाखाली एक ओळ आहे.

डॉक्टर : कसली ओळ? खाली काही नाही.

ताई : आहे. बारीक अक्षरात. 'औषधानं प्रतिकारशक्ती दाबलेल्या व्यक्ती यात धरलेल्या नाहीत.'

डॉक्टर : नाही गं. रोज बघतो मी तो.

ताई : फ्रेमच्या पट्टीखाली गेली असेल.

डॉक्टर : पट्टीखाली?

ताई : किंवा फ्रेमवाल्यानं कडा कापल्या असतील. बोल काहीतरी.

डॉक्टर : काय बोलू? स्टिरॉइडनं इओ पडतात हे तिसऱ्या वर्षाचं पोरही सांगेल. कृमी असोत, नसोत, पडतातच. मला ओळ कशाला लागते? मला हे माहीत आहे. मी हे शिकवतो.

ताई : मग?

डॉक्टर : मग काही नाही. रिपोर्ट हातात होता आणि समोर भिंतीवर तुझा आलेख होता. मान वर केली, बघितलं, बरं वाटलं. संपलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ताई : ते जाऊ दे आत्ता. मोठा डोस थांबव.

डॉक्टर : आणि ही खरंच फुप्फुसं असली तर? ताई, दोन्हीकडे फोटो सारखाच दिसतो. धाप सारखीच. फुप्फुसाचा आजार असेल तर डोस वाढवायलाच हवा, कृमी आतड्यातून फुप्फुसात पसरले असतील तर कमी करायला हवा. इकडे आड, तिकडे विहीर. डोस थांबवला आणि आजार उसळलेला असला, तर संध्याकाळपर्यंत तिला मशिनवर घालावं लागेल. या वयात तिथून माघारी येणारे मी फार थोडे पाहिलेत.

ताई : थुंकी तपासता येईल ना?

डॉक्टर : येतच नाही. कोरडा खोकला आहे. आत नळी घालून काढायची तर तेवढा वेळ तिचा श्वास टिकणार नाही. शौचाचे आणखी नमुने मोठ्या लॅबला पाठवलेत, कळेल परवा. परवापर्यंत मी काय करू? हात जोडून बसू?

ताई : मी गाडीत बसण्याआधी माझं कृमींच्या गणिताचं मॉडेल चालवून आलेय. तू फोनवर सांगितलेले आकडे घालून.

डॉक्टर : आईला समीकरणात घातलंस?

ताई : घातलं. ऐक, मी सोपं करून सांगते. शरीर आणि कृमी यांचं युद्ध असतं असं सगळे समजतात. बहुतेक वेळा युद्ध नसतं, तह असतो. कृमी एका मर्यादेत राहतात, शरीरही त्यांच्यामागे हात धुऊन लागत नाही, कारण तसं लागलं तर स्वतःचंच आतडं सोलून निघेल. असा तह वर्षानुवर्षं टिकतो. माझ्या दोन्ही रेघा तेव्हा आडव्या असतात. आता समज, स्टिरॉइडनं पहारा उठवला. आधी इओ पडतात. कृमींची रेघ काही दिवस जागची हलत नाही, म्हणून वाटतं सगळं शांत आहे. आणि मग एका टप्प्यानंतर तह उरतच नाही. समीकरणाला आडवं उत्तरच मिळत नाही. रेघ वर जाते ती जातेच.

डॉक्टर : आणि आईची?

ताई : आहे तो डोस चालू ठेवला तरी वर जाते. तिप्पट केला तर...

डॉक्टर : बोल.

ताई : दोन दिवस.

डॉक्टर : आणि तिच्यात कृमी नसतील तर तुझं मॉडेल काय म्हणतं?

ताई : मग रेघ शून्यावर राहते. कृमी आहेत की नाहीत ते मॉडेलला कळत नाही. ते मला बाहेरून सांगावं लागतं.

डॉक्टर : म्हणजे जे सिद्ध करायचं तेच तू धरून चाललीस.

ताई : हो.

डॉक्टर : वा! कालपर्यंत तुझा एक आलेख खरा होता, त्यावर मी विसंबलो. आज तू सांगतेस तो इथे लागू नाही, हा दुसरा धर. उद्या याच्याखाली कुठली ओळ निघेल?

ताई : निघेलही. मी नाही म्हणत नाही. पण रोपवाटिका आठव की. बावीस वर्षं ती ओल्या मातीत, शेणखतात अनवाणी उभी होती. हा कृमी तळपायातूनच शिरतो.

डॉक्टर : ते सोडून तिला पंचवीस वर्षं झाली!

ताई : बाकीच्या कृमींची अंडी शरीराबाहेर पडतात, पोसली जातात, मग पुन्हा कुणाच्या तरी आत शिरतात. याला बाहेर पडायची गरज नाही. याच्या अळ्या आतल्या आत आतड्यात शिरतात आणि नवी पिढी धरतात. पंचवीस काय, चाळीस वर्षं राहिलेला माहीत आहे. माणसाला पत्ताही नसतो.

डॉक्टर : कृमीची गोळी मी आत्ता देतो. त्यात तोटा काही नाही. पण मोठा डोस थांबवायचा असेल तर मला काहीतरी दिसायला हवं, ताई. डोळ्यांनी. उद्या ती गेली तर 'माझ्या बहिणीला वाटलं' असं मी कुणाला सांगू? स्वतःला तरी सांगू शकेन का?

ताई : मला तिला बघू दे. चल आत.

आई : या. दोघांचे आवाज... भिंतीतून येत होते. शब्द नाही कळले. सूर कळला.

ताई : कशी आहेस गं?

आई : दिसतेय तशी. हा मुखवटा लावलाय यानं... त्यात बोललं की आपलाच आवाज आपल्याला उसना वाटतो. तू जेवलीस का?

ताई : जेवले.

आई : खोटं. खोटं बोलताना तू कान खाजवतेस... बाळ्या, हिला काहीतरी आणून दे.

डॉक्टर : आणतो. आधी ही गोळी घे. चावू नकोस.

आई : कसली? आणखी एक? पोटात आता... औषधांनाही उभं राहायला जागा नाही.

ताई : आई, पोट फार दुखतं का?

आई : दुखतं. आणि चावतं. सिस्टरला म्हटलं... चादर बदला, मुंग्या आहेत. तिनं बदलली. मुंगी एक सापडली नाही.

डॉक्टर : मला का नाही सांगितलंस?

आई : तुला काय मुंग्या मारायला ठेवलंय इथे? धाप लागते ते सांगितलं की.

ताई : कुठे चावतात?

आई : इथे. बेंबीच्या बाजूला. सकाळी जरा वर होत्या.

ताई : वर होत्या म्हणजे?

आई : म्हणजे सकाळी इथे खाजत होतं... आता इथे. मुंग्या म्हणजे काय एका जागी बसतात?

ताई : बाळ्या, तो पडदा सरकव. दिवा लाव. आई, गाउन थोडा वर घेते हं.

डॉक्टर : ओरखडा आहे. खाजवलंय तिनं.

ताई : ओरखडा एवढा वाकडातिकडा असतो? बघ, बेंबीजवळून निघालाय आणि इकडे कमरेकडे वळलाय. दोऱ्यासारखा. या टोकाला जास्त लाल आहे. तुझं बॉलपेन दे.

डॉक्टर : कशाला?

ताई : दे तर. या लाल टोकाला बरोब्बर टेकून एक आडवी रेघ मारते. झालं. किती वाजले ते बघून ठेव.

आई : हा लहानपणी भिंतीवर रेघा मारायचा... आता तू आईवर मार.

डॉक्टर : ताई, तुला जे वाटतंय ते मी पुस्तकात वाचलंय. एकाही माणसावर पाहिलेलं नाही.

ताई : मीही नाही. माझ्या समीकरणात त्या अळीचा वेग आहे. कातडीखालून सरकताना ताशी चार बोटं, कधी जास्त. पंधरा वर्षं तो आकडा लिहितेय मी. एका अक्षरानं लिहिते, दर पानावर. डोळ्यांनी कधी नाही पाहिला. पाऊण तास थांबूया.

डॉक्टर : औषध वर आलं असेल आता.

ताई : येऊ दे. पाऊण तास, बाळ्या. पाऊण तासानं रेघेपुढे काही नसलं, तर तू सोड ते औषध. मी एक शब्द बोलणार नाही.

आई : माझ्या पोटावर पैज लावताय होय?

ताई : पैज नाही गं.

आई : मग मलाही सांगा की. पंधरा वर्षं तू काहीतरी करतेस... आणि मी शेजारणीला सांगते, माझी मुलगी हिशेब करते. कसला हिशेब ते मला येत नाही. आज वेळ आहे.

ताई : मी... माणसाच्या आत कृमी असतात ना, ते आणि शरीर एकमेकांशी कसे वागतात, ते आकड्यांत मांडते. आम्हाला वाटतंय की तुझ्यात तसा एक कृमी आहे. रोपवाटिकेपासूनचा. इतकी वर्षं तो गप्प होता, कारण तुझ्या शरीरानं त्याला दाबून ठेवलं होतं.

आई : म्हणजे माझ्यातच राहायचा... माझंच खायचा... आणि भाडं द्यायचा नाही. खराखुरा पोटभाडेकरू.

डॉक्टर : हसू नकोस, आई. ऑक्सिजन खाली जातोय.

आई : जाऊ दे थोडा. मग आता कशानं जागा झाला तो?

ताई : श्वासासाठी जे औषध चालू आहे ना, त्यानं तुझ्या शरीराचा पहारा...

डॉक्टर : मी दिलं ते. मी दिलेल्या औषधानं.

आई : तू दिलंस म्हणून तीन महिने जिना चढले मी. तेही धर हिशेबात.

डॉक्टर : आई, मी तुला एकदाही विचारलं नाही. नव्या पेशंटला मी विचारतो, काय काम करायचात, कुठे राहायचात. तुला नाही विचारलं. मला वाटलं, मला माहीत आहे.

आई : आईला कोण विचारतं? ...मी बूट घालायचे नाही हे खरं. मालकानं दिले होते. पण बुटात मातीचा ओलावा कळत नाही. कुठल्या वाफ्याला पाणी हवं ते तळव्याला आधी कळतं. माझी रोपं मरायची नाहीत... म्हणून मला ठेवून घेतलं होतं त्यांनी.

ताई : बोलू नकोस आता. दमतेस.

आई : एवढं बोलते. तुम्ही दोघं लहान असताना... घरात काही फुटलं की एकमेकांकडे बोट दाखवायचात. मी दोघांनाही धपाटा द्यायचे. आता माझ्यात ताकद नाही. काही इकडचं तिकडं झालं... तर बोटं दाखवत बसू नका. मला ते वर बसून बघवणार नाही.

डॉक्टर : काही होणार नाही तुला.

आई : तू डॉक्टर आहेस. असं बोलू नये डॉक्टरनं.

ताई : डोळे मिट जरा. मी इथेच आहे.

डॉक्टर : ताई.

ताई : अजून वेळ झाला नाही.

डॉक्टर : वेळ राहू दे. बघ. तुझ्या रेघेच्या पुढे गेलंय. तीन बोटं. चार म्हणायला हरकत नाही.

ताई : हो.

डॉक्टर : मागचं टोक फिकं होत चाललंय. ताई, हे सरकतंय. आपण इथे बसून बोलत होतो आणि हे सरकत होतं.

ताई : हो. दिसतंय मला.

डॉक्टर : रडू नकोस. तुझं खरं निघालं.

ताई : मला नको होतं रे खरं निघायला. गाडीत सगळा रस्ताभर मी हेच म्हणत होते, चूक निघू दे, बाळ्या मला हसू दे.

डॉक्टर : सिस्टर! ते सलाइन परत पाठवा. नाही, सोडायचं नाही, लावायचंही नाही. स्टिरॉइडचा चालू डोस मी उतरवून लिहितो. कृमीची गोळी रोज. रक्त कल्चरला घ्या, आणि जंतूंचं अँटिबायोटिक आत्ता लावा, रिपोर्टची वाट बघू नका. हा कृमी आतड्यातून निघताना तिथली घाण रक्तात नेतो. ताई, तू बाजूला हो जरा.

आई : काय झालं रे? मुंगी सापडली?

डॉक्टर : सापडली, आई.

(तीन आठवड्यांनंतर. इस्पितळातली डॉक्टरची केबिन. भिंतीवर फ्रेमच्या जागी एक फिकट चौकोन उरलाय.)

ताई : आजच आलास कामावर?

डॉक्टर : काल. घरी बसून काय करू? तिच्या कुंड्यांना पाणी घालतो, तेवढंच. किती घालायचं तेही कळत नाही.

ताई : सिस्टर भेटल्या खाली. म्हणाल्या, स्टिरॉइड सुरू करायच्या आधी तू आता प्रत्येकाला कृमीची गोळी देतोस.

डॉक्टर : देतो. दोन-चार जण हसले. हसू देत.

ताई : जेवतोस ना?

डॉक्टर : आईसारखं करू नकोस. कशाला आलीस ते सांग. तू उगाच येणाऱ्यातली नाहीस.

ताई : तू तो आलेख काढलास.

डॉक्टर : काढला. फोडणार होतो. फोडला नाही. पट्टी उचकटून बघितलं. ओळ होती खाली, अख्खी. कापली नव्हती कुणी.

ताई : अच्छा.

डॉक्टर : एक विचारू? रागावून विचारतोय, आधीच सांगतो. ती ओळ तू मोठ्या अक्षरात का नाही लिहिलीस? पंधरा वर्षांत एकदा तरी?

ताई : कारण ते लोक मला नको होते. वस्त्यांमध्ये असे काहीजण निघायचे, कुणी दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारं, कुणी सांध्यांसाठी. त्यांचे ठिपके कुठेतरी भलतीकडे पडायचे. त्यांना धरलं की रेघ बिघडायची. मग मी त्यांना बाहेर काढलं आणि तसं खाली एका ओळीत लिहून टाकलं. नियमाप्रमाणे. कुणी नाव ठेवणार नाही असं.

डॉक्टर : हं.

ताई : राग आला असेल तर बोल. मी ऐकायलाच आलेय.

डॉक्टर : येतो. मग रिपोर्ट आठवतो आणि तुझ्यावरचा माझ्यावर येतो. दिवसभर तोच धंदा. ...तू मागे नेऊन चालवलंस ना? मॉडेल?

ताई : कुणी सांगितलं?

डॉक्टर : कुणी सांगायला कशाला हवं? मी तुला ओळखतो. किती आधी गोळी द्यायला हवी होती?

ताई : बाळ्या...

डॉक्टर : मला ऐकायचंय.

ताई : स्टिरॉइड सुरू करायच्या आधी दोन दिवस, दोन गोळ्या. बाकी काही नाही. रेघ उठतच नाही.

डॉक्टर : मला वाटलं होतं तू लपवशील.

ताई : लपवलं असतं तर तू स्वतःच काढलं असतंस. आणि खऱ्यापेक्षा वाईट काढलं असतंस.

डॉक्टर : आणि त्या दिवशी? आपण मोठा डोस थांबवला तेव्हा?

ताई : तेव्हा उशीर झाला होता. कृमी मरणार होते, ते मेलेही. पण जंतू आधीच रक्तात उतरलेले. तिप्पट डोस दिला असता तर दोन दिवसांत गेली असती. आपल्याला नऊ मिळाले.

डॉक्टर : सात फरकाचे.

ताई : हो. सात.

डॉक्टर : त्यातले चार तर ती बोलत होती.

ताई : मी हे छापणार आहे. म्हणून आलेय. जुन्या आलेखाशेजारी नवा आलेख, दोन्ही एकाच पानावर, आणि ती ओळ वर, मथळ्यात. वगळलेले सगळे ठिपके परत घातलेत मी. आता रेघ सरळ येत नाही. येऊ नये. पण त्याबरोबर एका रुग्णाची हकीकत लागते. रोजचे आकडे. ते तुझ्याकडे आहेत.

डॉक्टर : माझं नाव घालणार?

ताई : तू म्हणशील तसं.

डॉक्टर : घाल. रिपोर्ट कुणी वाचला, काय वाचून काय समजला, सगळं घाल. माझ्यासारखे पुष्कळ आहेत. त्यांना वाचू दे.

ताई : लोक बोलतील तुला.

डॉक्टर : बोलू देत. आईनं सांगितलं होतं, एकमेकांकडे बोट दाखवू नका. स्वतःकडे दाखवू नका असं नाही म्हणाली.

ताई : मी सुरुवात लिहून आणलीये. वाचू?

डॉक्टर : वाच.

ताई : 'रुग्ण : स्त्री. व्यवसाय : रोपवाटिकेत काम, बावीस वर्षे. सवय : कामाच्या वेळी अनवाणी.'

डॉक्टर : तळव्याला ओलावा कळतो, ते नाही लिहिता येणार?

ताई : नाही. लिहून बघितलं मी. तसं लिहायची पद्धत नाही.

डॉक्टर : आणि आपलं नातं?

ताई : तेही नाही. नुसतं 'स्त्री'. 'स्त्री, वय अडुसष्ट.'

डॉक्टर : एकोणसत्तर.

ताई : दाखल केलं त्या कागदावर अडुसष्ट आहे.

डॉक्टर : दाखल झाली तेव्हा अडुसष्ट. गोळ्या सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी एकोणसत्तर पूर्ण झाली. सिस्टरनं तक्त्यावर वय बदललं होतं. मी परवा बघितलं.

ताई : तिसऱ्या दिवशी? त्या दिवशी तर आपण लॅबमध्ये...

डॉक्टर : हो. गोळ्या सुरू केल्यापासून नमुन्यात पहिल्यांदाच एकही अळी दिसली नाही. आपण दोघं उड्या मारत वर आलो. तू चक्क शिट्टी वाजवलीस.

ताई : तिला कुणी काही म्हटलं? आपल्यापैकी कुणी?

डॉक्टर : नाही.

ताई : ती काही म्हणाली?

डॉक्टर : म्हणाली, 'आज दोघं हसताय, बरं वाटलं.' आणि झोपली. लिहितेस ना?

ताई : हो. एकोणसत्तर लिहिते.